पुणे लोकसभा, १९५२ ते २०२४ : भिंतीवरच्या पट्टीची कामवही

आमच्या पेठेतल्या वाचनालयाचा वर्धापनदिन गुढीपाडव्याला असतो. यंदा पुणे लोकसभा मतदारसंघाचा इतिहास भिंतीवर मांडायचा असं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कुठल्या शहराचं कुणी असं काही करणार असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवतोय. जिथे चुकलो तिथलं काही खोडलेलं नाही.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

समितीची बैठक, चहा, आणि 'सोपं आहे, सतरा-अठरा निवडणुका तर आहेत' असं माझं वाक्य. ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय, पुढे लागेल.

मांडणी अशी: दोन बाय तीन फुटांचे दहा फलक, आणि मधोमध एक लांब पट्टी. पट्टीवर वर्षं मापात, म्हणजे एका वर्षाला पाच सेंटिमीटर, आणि त्या त्या काळातल्या खासदाराचं नाव. कागदावर छान दिसलं. घरी येऊन गुणाकार केला: ७३ वर्षं गुणिले पाच म्हणजे ३६५ सेंटिमीटर. कपाटापासून खिडकीपर्यंतची भिंत ११ फूट, म्हणजे ३३५. पट्टी खिडकीतून बाहेर जाणार. वर्षाला साडेचार सेंटिमीटर केलं.

भिंत आधी मोजा. हे सांगायची लाज वाटते, पण मोजा.

अंदाज ७,००० रुपये. अध्यक्षांनी 'बघा जरा सात्त्विक काहीतरी' एवढंच सांगितलं. निवडणुकीबद्दल सात्त्विक म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

५ फेब्रुवारी

निवडणूक आयोगाचे प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल उपलब्ध आहेत, तेव्हा आकडे मिळायला अडचण नाही असं वाटलं होतं. इंग्रजी पीडीएफमध्ये 'पुणे' शोधलं तर जुन्या निवडणुकांत हा मतदारसंघच नाही! अर्धा दिवस गेला. मग लक्षात आलं, जुन्या अहवालांत स्पेलिंग 'पूना'चं आहे. आपण तोंडाने कायम पुणे म्हणत आलो त्यामुळे हे सुचलंच नाही.

'पूना' शोधल्यावर १९५२ ला दोन सापडले. पूना सेंट्रल आणि पूना साउथ. सेंट्रलमधून काकासाहेब गाडगीळ, साउथमधून इंदिरा अनंत मायदेव, दोघंही काँग्रेसचे. पट्टीची सुरुवातच एका नावाने होत नाही. आता पहिल्या पाच वर्षांना दोन समांतर पट्ट्या कराव्या लागणार.

आणखी एक गोष्ट या शोधात हाती लागली. पुढची सगळी यादी खाली उतरत गेलो, बाईचं नाव पुन्हा आलंच नाही. पुण्याची पहिली आणि आजवरची शेवटची महिला खासदार १९५२ सालची आहे. आमच्या ग्रंथपाल बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांची पट्टी खाली कशाला, वर घ्या." घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार

तक्ता पूर्ण. विजेते असे:

१९५७ नानासाहेब गोरे. १९६२ शंकरराव मोरे. १९६७ एस. एम. जोशी. १९७१ आणि १९७७ मोहन धारिया. १९८०, १९८४, १९८९ विठ्ठलराव गाडगीळ. १९९१ अण्णा जोशी. १९९६ सुरेश कलमाडी. १९९८ विठ्ठल तुपे. १९९९ प्रदीप रावत. २००४, २००९ पुन्हा कलमाडी. २०१४ अनिल शिरोळे. २०१९ गिरीश बापट. २०२४ मुरलीधर मोहोळ.

नावं देवनागरीत आणण्यासाठी एक फुकटचं साधन वापरलं. त्याने नानासाहेबांना 'गोराय' केलं, मायदेव बाईंना 'मेडियो' आणि धारियांना 'धरिया'. हाताने दुरुस्त केलं. कुणी करणार असाल तर नावं सरळ हातानेच टाइप करा, सतरा-अठराच आहेत. यंत्राने वाचवलेली दहा मिनिटं दुरुस्तीत दोन तास होऊन परत आली.

दुसरी चूक माझीच. शीट आडनावाने लावली, कारण कोण किती वेळा उभं राहिलं ते बघायचं होतं. काकासाहेब आणि विठ्ठलराव हे गाडगीळ पितापुत्र एका ओळीत आले, आणि सूत्राने त्यांना एकच माणूस धरून '१९५२ ते १९९१, चार वेळा' असं काढून दिलं. जोशींचं तर विचारू नका. एस. एम. समाजवादी, अण्णा भाजपचे, आणि १९९९ व २०१९ ला हरलेले मोहन जोशी काँग्रेसचे. तिघं तीन दिशांना. शिरोळेही दोन: २००९ ला भाजपकडून अनिल शिरोळे हरले, त्याच निवडणुकीत मनसेचे रणजित शिरोळे होते. पुण्यात आडनावावरून घर सापडेल, पक्ष सापडणार नाही.

आता प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक दिलाय. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी

तात्या रोज साडेचारला पेपर वाचायला येतात, वय चौऱ्याऐंशी. तक्ता बघायला दिला. चष्मा वर करून बोट १९७७ वर ठेवलं.

"हे काय लिहिलंयस? धारिया भारतीय लोक दलाचे?"

"अहवालात तसंच आहे तात्या."

"अहवालात असेल. आम्ही जनता पक्षाला मत दिलं."

दोघांचंही बरोबर आहे. जनता पक्षाची तेव्हा नोंदणी झालेली नव्हती, म्हणून देशभर बरेचसे उमेदवार भारतीय लोक दलाच्या चिन्हावर, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर, लढले. आयोगाच्या कागदावर तेच नाव राहिलं. मी ते डोळे मिटून उतरवलं होतं.

मग १९५७ कडे गेलो. तिथे कागदावर प्रजा समाजवादी पक्ष. गावात कुणालाही विचारा, नानासाहेब संयुक्त महाराष्ट्र समितीचे म्हणून निवडून आले. समोर काकासाहेब गाडगीळ, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री, ते पडले. तात्या तेव्हा सोळा वर्षांचे, मत नव्हतं, पण घोषणा त्यांना अजून पाठ आहेत आणि वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली उभं राहून त्यांनी दोन देऊन दाखवल्या.

म्हणून तक्त्यात दोन स्तंभ केले: 'कागदावरचा पक्ष' आणि 'लोकांनी ज्याला मत दिलं ते'. बऱ्याच ओळींत दोन्ही सारखेच आहेत. जिथे नाहीत तिथेच खरी गंमत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

चिन्हांचा फलक. फलक आखून देणारा मुलगा हुशार आहे, तेवीस वर्षांचा. त्याने १९५२ च्या काँग्रेससमोर हात काढला. मी तपासताना बघितलं नाही, कारण माझ्याही डोळ्यांना काँग्रेस म्हणजे हात हेच दिसतं. हे छापून आल्यावर कळलं (खाली १५ मार्चची नोंद बघा).

बरोबर क्रम असा: १९५२ पासून बैलजोडी. पक्ष फुटल्यावर १९७१ ला इंदिराबाईंच्या काँग्रेसला गाय-वासरू. हात १९८० च्या निवडणुकीला. म्हणजे मोहन धारिया १९७१ ला गाय-वासरावर आणि १९७७ ला नांगरधारी शेतकऱ्यावर निवडून आले. एकच माणूस, सलग दोनदा, आणि दुसऱ्यांदा पहिल्याच पक्षाविरुद्ध. मधे काय झालं ते दोन ओळींत लिहिलं: १९७५ च्या मार्चमध्ये, जयप्रकाशांशी बोलणी करा अशी भूमिका घेतल्यावर, त्यांचं मंत्रिपद गेलं. जूनमध्ये आणीबाणी आली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस पट्टीचा, आणि आत्तापर्यंतचा सगळ्यात आवडलेला.

तक्त्यात प्रत्येक निवडणूक म्हणजे एक ओळ, सगळ्या सारख्या उंचीच्या. मापात काढल्यावर चित्र एकदम बदललं. निकालापासून निकालापर्यंत मोजलं. धारियांचा पहिला तुकडा २७ सेंटिमीटर आला. मला वाटलं गुणाकार चुकला, कारण पाच वर्षांचे साडेबावीस व्हायला हवेत. चुकला नव्हता. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली होती, सहा वर्षं चालली. साडेचार सेंटिमीटरची आणीबाणी भिंतीवर दिसते.

त्याच्या उलट १९८९ ते १९९९. दहा वर्षांत पाच निवडणुका, आणि पुण्याने पाचही वेळा वेगळं नाव दिलं: विठ्ठलराव गाडगीळ, अण्णा जोशी, कलमाडी, तुपे, रावत. तुपे यांच्या वाट्याला जेमतेम सात सेंटिमीटर. नाव आडवं मावेना, उभं लिहावं लागलं.

ते सात सेंटिमीटर समजावून सांगायला मात्र एक आख्खा फलक लागणार. १९९८ ला कलमाडी काँग्रेसबाहेर पडून अपक्ष उभे राहिले आणि भाजप-शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. काँग्रेसने तुपेंना उभं केलं, ते जिंकले. दीड वर्षात पुन्हा निवडणूक. तोवर राष्ट्रवादी स्थापन झालेली, तुपे तिकडून, काँग्रेसकडून मोहन जोशी, आणि दोघांच्या मधून भाजपचे रावत निघून गेले. २००४ ला कलमाडी परत काँग्रेसचे, रावतांना हरवून खासदार. आखणाऱ्या मुलाने विचारलं, "काका, कलमाडींना १९९८ ला कुठला रंग देऊ?" हरलेल्यांना पट्टीवर रंग नाही, यावर सुटलो.

एक स्पर्धाही आपोआप लागली. सगळ्यात लांब पट्टी कुणाची? विठ्ठलराव गाडगीळ सलग ५१ सेंटिमीटर. कलमाडी दोन तुकड्यांत, आठ आणि पंचेचाळीस, म्हणजे ५३. तात्यांचं म्हणणं, तुकडे धरायचे नाहीत.

आणि शेवटी एक रिकामी जागा. गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. मुदत संपायला वर्षाहून जास्त शिल्लक होतं, पण पोटनिवडणूक झाली नाही. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती घ्यायला सांगितली, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि ४ जून २०२४ ला सार्वत्रिक निकालच लागला. सव्वापाच सेंटिमीटर पुण्याला लोकसभेत खासदार नाही. त्या जागी काही लिहायचं नाही, पांढरं सोडायचं, असं ठरवलं.

२ मार्च, रविवार

नकाशा. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात मोठी चूक झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

२००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघ बदलला. आधीच्या सहा विधानसभांपैकी बोपोडी आणि भवानी पेठ ही नावं गेली, वडगाव शेरी आणि कोथरूड आली. शिवाजीनगर, पर्वती, कसबा पेठ आणि कॅन्टोन्मेंट नावाने राहिले, हद्दी बदलल्या. पर्वतीचं आरक्षण निघालं, कॅन्टोन्मेंट राखीव झाला.

पुनर्रचनेच्या आदेशात शहरातल्या हद्दी महापालिकेच्या वॉर्ड क्रमांकांनी दिल्यात. मी २०१७ च्या महापालिका निवडणुकीचा प्रभाग नकाशा घेतला, आदेशातले क्रमांक त्यात रंगवले. कोथरूड मतदारसंघ नदीच्या दोन्ही बाजूंना शिंतोडे उडाल्यासारखा आला. एक तुकडा तर येरवड्याकडे. तरी मी मान्य केलं, कारण 'राजकारणी लोक हद्दी अशाच काढतात' असं डोक्यात होतं. मनातल्या पूर्वग्रहाने चूक झाकली जाते ती अशी.

क्रमांक २००१ च्या जनगणनेच्या वेळच्या वॉर्डांचे आहेत. त्यानंतर प्रत्येक महापालिका निवडणुकीला वॉर्ड बदलले, प्रभाग झाले, क्रमांक नव्याने पडले. जुन्या चाव्या नव्या कुलपांना लावत बसलो होतो. एकूण अकरा तास.

८ मार्च

नकाशावर उपाय सापडला, थोडा अडाणी आहे. मतदान केंद्रांच्या याद्या विधानसभानिहाय मिळतात आणि त्यात शाळांची नावं-पत्ते असतात. शाळा हलत नाहीत. मोठ्या नकाशावर बटर पेपर टाकला, प्रत्येक विधानसभेला एक रंग, आणि शाळा सापडेल तिथे स्केचपेनने ठिपका. दोन संध्याकाळी, ग्रंथपाल बाई यादी वाचतायत, मी ठिपके देतोय. ठिपक्यांच्या गर्दीवरून हद्द कुठून जाते ते दिसायला लागलं. हद्दीची अचूक रेघ आम्ही काढलीच नाही, ठिपकेच ठेवले. जे माहीत आहे तेवढंच दाखवलं.

आमची गल्ली कसब्यात येते, समोरची बाजू पर्वतीत असेल अशी माझी तीस वर्षांची समजूत होती. तीही कसब्यातच निघाली.

१० मार्च, सोमवार

दुपारी बातमी आली, रवींद्र धंगेकर काँग्रेस सोडून शिंदेंच्या शिवसेनेत. २०२४ च्या फलकावर त्यांच्या नावापुढे काँग्रेस आहे. आखणाऱ्या मुलाचा लगेच मेसेज: "बदलायचं का?"

नाही. फलक मतदानाच्या दिवसाचा आहे. २०२४ ला मोहोळ ५,८४,७२८ आणि काँग्रेसचे धंगेकर ४,६१,६९०, फरक १,२३,०३८, हे तसंच राहणार. तिसरे वसंत मोरे त्या वेळी वंचितचे होते, त्याआधी मनसेत, त्यानंतर ठाकरेंच्या शिवसेनेत. असं बदलत बसलो तर दर आठवड्याला छापखान्यात जावं लागेल. प्रत्येक फलकाच्या तळाला एक ओळ टाकली: 'पक्ष मतदानाच्या दिवशीचा.' ही ओळ आमच्या कामातली सगळ्यात उपयोगी ओळ ठरली. शंकरराव मोरेंनाही ती लागते: शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापक, १९५२ ला त्या पक्षाकडून सोलापूरचे खासदार, आणि १९६२ ला पुण्यातून काँग्रेसचे. पानशेतचं धरण फुटून आदल्या जुलैत निम्मं शहर वाहून गेलं होतं, त्यानंतरची ती पहिली निवडणूक.

१५ मार्च, शनिवार

छपाई आली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, दुकानातल्या पोरांच्या कानामागे अजून गुलाबी रंग. सनबोर्डवर चिकटवून, सत्तर रुपये चौरस फूट. फलकाला ४२० रुपये.

उघडल्यावर:

एक. १९५२ ला हात. ग्रंथपाल बाईंनी दोन सेकंदांत पकडलं.

दोन. विठ्ठलराव गाडगिळांच्या फलकावर जोडाक्षरं फुटलेली. ठ्ठ चे दोन ठ, मधे पाय मोडका. दुकानात फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, युनिकोड फॉन्ट तिथे नव्हता. फाईल पाठवण्याआधी अक्षरांचं 'कर्व्ह' करून पाठवायचं असतं, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता चित्र होतं. दुकानदार म्हणाले, "सगळ्यांना माहीत असतं हे." मला नव्हतं.

तीन. नकाशाचा फलक. चूक दुकानाची नाही. मी फोल्डरमध्ये दोन्ही नकाशे ठेवले होते आणि जुना गेला. येरवड्यातल्या कोथरूडसकट.

चार, आणि यावर हसावं की रडावं कळेना. पट्टीच्या शेवटच्या भागातली पांढरी जागा भरलेली! दुकानातल्या कुणाला वाटलं रंग टाकायचा राहिलाय, म्हणून त्यांनी बापटांचा भगवा ओढून मोहोळांपर्यंत नेऊन टेकवला. आणि मनापासून सांगितलं, "सर, गॅप राहिला होता, फुकट करून दिलाय."

दोन न्यायालयांना जे जमलं नाही ते त्यांनी एका माउसने केलं. मी चिडलो नाही, त्यांच्या डोळ्यांनी बघितलं तर चूकच दिसत होती ती. आता त्या पांढऱ्या जागेभोवती बारीक काळी चौकट घेतली आहे आणि आत अगदी लहान अक्षरात 'जागा रिक्त'. मुद्दाम सोडलेली जागा मुद्दाम सोडल्यासारखी दिसली पाहिजे.

तीन फलक पुन्हा, १,२६०. पट्टीचा एक तुकडा पुन्हा, ३७५.

२३ मार्च, रविवार

मुलांसाठी काहीतरी हाताळायला हवं होतं. १९५२ आणि १९५७ ला मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. खोलीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. तशा तीन पेट्या करायच्या ठरवल्या. बोहरी आळीतून पत्र्याचे डबे, वर चीर पाडून घेतली, तीन डबे ७५० रुपये. पहिल्या चिरेला धार राहिली आणि माझंच बोट कापलं. कडा दुमडून आणा.

चिन्हं कुठली? खऱ्या पक्षाचं नको. पतंग, कंदील, छत्री असं सुचवलं. पतंग हैदराबादच्या पक्षाची निघाली, कंदील बिहारच्या. छत्रीबद्दल कुणाला खात्री देता येईना. शेवटी मिसळ, भेळ आणि साबुदाण्याची खिचडी.

सोसायटीतली नऊ मुलं बोलावून चाचणी घेतली. पडद्यामागे एकेकाने जायचं. मोजल्यावर नऊ जणांची चौदा मतं. चिठ्ठ्यांवर खूण नाही, त्यामुळे कुणी जास्तीच्या टाकल्या ते कळायला मार्ग नाही. खिचडीच्या डब्याच्या वरच दोन चिठ्ठ्या पडलेल्या, आत न टाकलेल्या. त्या कुणाच्या धरायच्या? मग मुलांमध्येच भांडण. पुढे १९६२ पासून एकाच मतपत्रिकेवर खूण करायची पद्धत का आली, हे समजावून सांगायची गरजच उरली नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

तयार नाही. दोन फलक दुकानातून यायचे आहेत. वर्धापनदिन झाला, श्रीखंड झालं, भिंत रिकामी. अध्यक्ष म्हणाले, "सोपं आहे म्हणाला होतात." वहीतलं वाक्य दाखवलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

उघडलं. दोन आठवडे उशिरा.

लोक पट्टीपुढे थांबतात हे बरोबर ठरलं. फरकांच्या फलकापुढेही थांबतात: २००९ ला २५,७०१, २०१४ ला ३,१५,७६९, २०१९ ला ३,२४,६२८, २०२४ ला १,२३,०३८. एका गृहस्थांनी २०१९ च्या खांबाकडे बोट दाखवून सांगितलं, "एवढा उंच खांब, आणि मतदान पन्नास टक्केही नाही." खरं आहे. दुसऱ्या एक बाई २०१४ पुढे उभ्या राहून म्हणाल्या, त्या १७ एप्रिलला मी ओळखपत्र घेऊन गेले आणि यादीत नावच नाही, हे कुठे लिहिलंय तुम्ही? लिहिलं नव्हतं. त्या वर्षी पुण्यात किती जणांची नावं गायब होती आणि केवढा गदारोळ झाला होता, मला आठवत होतं, तरी फलकावर सुचलं नाही. कारण अहवालात ज्यांनी मत दिलं त्यांचेच आकडे असतात. संध्याकाळी हाताने लिहून चिकटवलं.

धायरीचं एक जोडपं आलं होतं. त्यांनी नकाशावर आपलं घर शोधलं, सापडेना. "आम्ही पुण्याचेच आहोत हो." आहात, पण खडकवासला विधानसभा, म्हणजे तुमचा लोकसभा मतदारसंघ बारामती. हडपसरवाल्यांचा शिरूर. पिंपरी-चिंचवडचा मावळ. नवरा म्हणाला, मत देताना माहीत असतं, पण भिंतीवर 'पुणे' लिहिलेलं बघितलं की वाटतं आपण त्यात असणार. त्यांच्यानंतर आणखी सहा जणांनी हेच विचारलं. नकाशाच्या कडेला चारी दिशांना बाण काढून शेजारच्या मतदारसंघांची नावं लिहिली. हे छापायच्या आधी सुचलं असतं तर स्केचपेनने लिहावं लागलं नसतं.

२० एप्रिल, रविवार

हिशोब: फलक ४,२००. पट्टी १,१२०. पुनर्छपाई १,६३५. डबे ७५०. टेप, बटर पेपर, खिळे, चिठ्ठ्या ६४०. जुने पेपर चाळून झेरॉक्स ९००. रिक्षा ५२०. एकूण ९,७६५. अंदाजापेक्षा २,७६५ जास्त, त्यातले १,६३५ निव्वळ चुकांचे. वेळ सुमारे नव्वद तास, नकाशाने त्यातला तिसरा हिस्सा खाल्ला.

ज्यांना करायचंय त्यांनी तक्ता मागावा, वाचनालयात देतो, स्तंभांसकट. एक कच्चा दुवा अजून आहे: पेपरमधली जुनी छायाचित्रं झेरॉक्सवर इतकी काळी आली की १९५७ च्या फलकावरचे नानासाहेब ओळखूच येत नाहीत. तात्यांनी घरून एक जुनं कात्रण आणायचं कबूल केलंय, गेल्या बुधवारपासून रोज विसरतायत.

मिसळीने खिचडीला ६२ मतांनी हरवलं. भेळ अनामत घालवून बसली. एकूण मतं, हजेरीवहीतल्या सह्यांपेक्षा एकवीस जास्त.